खांबामागचा चौथरा

"बाई, ह्यो हलंना बघा. खालनं कुणीतरी धरून बसल्यागत करतोय."

सुनंदानं पहारीवर अख्खं अंग टाकलं होतं. तिचे पाय जमिनीपासून वीतभर वर गेले, तरी दगड ढिम्म. बाकीच्या पोरी कमरेवर हात ठेवून खिदळत होत्या.

"हसताय काय? या इकडं, हात लावा," मी ओरडले. "एकटी मरतेय ती."

आठ जणींनी हात लावल्यावर दगड सुटला. काळाभोर, गुडघ्याएवढा उंच, वरून गोलसर. सुनंदा लगेच त्याच्यावर ऐसपैस बसली. तिच्या तळहातांची सालटं निघाली होती, ती तिनं मला मोठ्या कौतुकानं दाखवली.

"माझा दगुड ह्यो, बाई. घरी न्हेऊ?"

"ने की. तुझी आई तुला त्याच्यासकट बाहेर काढेल."

मग पोरींनी तो ढकलत ढकलत मैदानाच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात नेऊन टाकला. आमची त्या दिवसाची कामगिरी तेवढीच. पण दोन महिन्यांत आम्ही त्या उकिरड्यातून खो-खोचं मैदान उभं केलं, हे मी आजही छाती पुढे काढून सांगते. त्या गोष्टीतलं छाती पुढे काढून सांगण्यासारखं एवढंच आहे.

मी तेव्हा नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत खेळाची शिक्षिका होते. शाळेला मैदान नव्हतं, फरशी घातलेलं पटांगण होतं. फरशीवर खो-खो खेळायचा म्हणजे गुडघे फोडून घ्यायचे. शाळेमागं गुलमोहर कॉलनी, आणि कॉलनीत एक मोकळा प्लॉट. त्या कॉलनीत गुलमोहर औषधालाही नव्हता, पण मंजूर नकाशात त्या प्लॉटवर हिरवा रंग भरलेला होता आणि आत सुबक अक्षरांत लिहिलं होतं, 'खेळाचे मैदान व बगीचा'. तो नकाशा मी स्वतः नगरपालिकेत जाऊन बघितला होता. प्रत्यक्षात तिथं वेड्या बाभळी होत्या. तीन बाजूंना बंगले, चौथ्या बाजूला नाला, नाल्यापलीकडे मातंग वस्ती. माझ्या संघातल्या चार पोरी त्या वस्तीतून नाला ओलांडून यायच्या. सुनंदा वायदंडे त्यांतली एक.

बाभळी काढल्या, दगड वेचले, लाकडाच्या वखारीतून दोन वासे मागून आणले आणि खांब रोवले. मैदान झालं. पण दक्षिणेच्या खांबामागं कॉलनीचा कचरा पडायचा, तो काही थांबेना. मी आणि पोरी घरोघर गेलो. अर्ज लिहिला. मागण्या साध्या होत्या: तारेचं कुंपण, पाण्याचा नळ, लहानग्यांसाठी दोन झोपाळे, बसायला चार बाकं आणि कचऱ्याला कुंडी. दोनशे बारा सह्या मिळाल्या. पहिली सही थोरवे अण्णांची. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, कॉलनीचे अध्यक्ष, शब्दाला मान असलेला माणूस. सरावानंतर पोरींना गूळ-शेंगदाणे द्यायचे. "पोरी पळताना बघितल्या की माझे गुडघे दुखायचे थांबतात," असं म्हणायचे. सही करून त्यांनी पेन खिशाला लावलं आणि संध्याकाळी त्यांच्याच घरची कचऱ्याची बादली त्या कोपऱ्यात रिकामी झाली. बाकीच्या दोनशे अकरा जणांचंही तसंच.

अर्ज घेऊन मी नगरपालिकेत किती खेटे घातले ते मोजले नाहीत. "वर पाठवलाय, बाई." "साहेब मीटिंगमध्ये आहेत, बाई." एके दिवशी सुनंदाच्या टाचेत फुटलेल्या ट्यूबलाइटची काच घुसली. मी तणतणत नगरपालिका गाठली, आणि नेहमीप्रमाणे कुणी भेटलं नाही. जिना उतरताना माझं लक्ष कोपऱ्यांकडं गेलं. पूर्वी तिथं पानाच्या पिचकाऱ्यांनी भिंती लाल असायच्या. आता प्रत्येक वळणावर देवाच्या टाइल्स बसवल्या होत्या, गणपती, साईबाबा, लक्ष्मी, आणि भिंती चक्क स्वच्छ. सहा महिने मी ज्याच्यासाठी अर्ज करत होते त्याचं उत्तर जिन्यात लावून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी मैदानावर गेले. घरूनच वाटीत शेंदूर तेलात कालवून आणला होता. सुनंदानं काढलेला तो दगड मी कोपऱ्यात नीट उभा केला, भोवतीचा कचरा बाजूला लोटला, आणि दगडाला वरपासून खालपर्यंत शेंदूर फासला. मी स्वतः देवभोळी नाही. एक जास्वंदीचं फूल ठेवलं, नारळाची कवड ठेवली, आणि लांब जाऊन बघितलं. झकास दिसत होता.

"बाई! ह्यो आपला दगुड!"

सुनंदा माझ्या मागं उभी होती. टाचेला फडकं बांधलेलं, तरी सरावाला सगळ्यांच्या आधी हजर.

"गप्प बस. आता देव आहे तो."

"कुठला?"

"ते कॉलनी ठरवेल."

ती आधी माझ्या शेंदरी हाताकडं बघत राहिली, मग तिला जे हसू फुटलं ते आवरेचना. हसता हसता ती खाली बसली. मीही हसले. कुणाला सांगायचं नाही म्हणून तिला आईची शपथ घातली. शपथ घालताना आम्ही दोघी पुन्हा हसलो.

चौथ्या दिवशी कचरा थांबला. एक केळ्याची साल म्हणून पडली नाही. मी सगळ्या पोरींना भेळ खाऊ घातली आणि त्यांनी कारण विचारलं तर नुसते डोळे मिचकावले.

कोणता देव ते कॉलनीनं शनिवारी ठरवलं. शेंदूर आहे म्हणजे मारुती. कुणीतरी तेल वाहिलं, कुणी रुईच्या पानांची माळ घातली. पुढच्या शनिवारी सात-आठ बायका रांगेत होत्या. मला गंमत वाटत होती. घरी जाऊन मी माझ्या सासूला सांगायचे, "आज आपल्या मारुतीला कुणीतरी छत्री लावली." मग पत्र्याचं शेड आलं. त्या सुमारास थोरवे अण्णांचा नातू आजारी पडला. एकवीस दिवस ताप उतरेना. अण्णांनी मारुतीला नवस बोलला आणि ताप उतरला. औषधंही चालू होती, पण ती काय, आधीपासूनच चालू होती. अण्णा त्या दिवशी कोपऱ्यात उभे राहून लहान मुलासारखे रडले. ते मी पाहिलं आहे, आणि त्या रडण्याला हसावं असं मला आजही वाटत नाही.

मग चौथरा बांधायचं ठरलं. गवंडी दोरी लावत होता तेव्हा मी गेले.

"अण्णा, जरा मागं घ्या ना. खांब अगदी जवळ येतोय. पोरी पळतात."

"बाई, मारुती जागचा हलवायचा म्हणजे त्याला शास्त्र आहे," अण्णा मायेनं म्हणाले. "आणि स्वयंभू देवाला कुणी हलवतं होय?"

आमच्या दगडासाठी स्वयंभू हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तिथल्या तिथं सांगून टाकायचं होतं. पण अण्णांचा नातू त्यांचं बोट धरून उभा होता, गालफडं बसलेली, नुकताच दुखण्यातून उठलेला. मी शब्द गिळले. चौथरा खांबापासून चार फुटांवर झाला.

खो-खो ज्यांनी पाहिला आहे त्यांना चार फूट म्हणजे काय ते कळेल. पळणारी मुलगी खांबाला वळसा घालून सटकू बघते, आणि पाठलाग करणारी शेवटचा उपाय म्हणून खांबाच्या आधारानं अंग झोकून देते. एक हात खांबावर, बाकी सगळं शरीर हवेत. जमलं तर गडी बाद, नाही जमलं तर तोंडात माती. ही झेप सुनंदासारखी घेणारी मुलगी मी तीस वर्षांच्या नोकरीत दुसरी पाहिली नाही. ती दहावीत असताना, दिवाळीनंतर, जिल्ह्याच्या संघाची निवड दीड महिन्यावर आली होती आणि तिचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं.

निवड तिच्यासाठी नुसती निवड नव्हती. तिचे वडील धोंडीराम लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. मितभाषी, सरळ माणूस. मी त्यांच्याकडं मुद्दाम गेले होते.

"बाई, तुमचं खरं हाय," ते म्हणाले होते. "पर तिच्या आत्याच्या पोराचं स्थळ हाय. आत्या थांबंना झालीया. पोरगी जिल्ह्याच्या संघातनं स्टेटला गेली, सरकारी हॉस्टेलात नंबर लागला, तर मी आत्याला न्हाई म्हणतो. माझा सबूद. न्हाई गेली तर मला कारण उरत न्हाई."

इतका स्वच्छ सौदा माझ्याशी दुसऱ्या कुणी केला नाही. मैदान राहिलं तर सुनंदा शिकणार होती.

त्या नोव्हेंबरात, सरावात, सुनंदानं दक्षिणेच्या खांबावर झेप घेतली. गडी बाद झाला. ती तशीच पुढं घसरत गेली आणि कपाळ चौथऱ्याच्या काठावर आदळलं. आवाज मला मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आला. मी धावले. तिचं तोंड रक्तानं भरलं होतं, आणि चौथऱ्याच्या पायरीवर रक्ताचा ओघळ होता.

बंगल्यांतून बायका धावत आल्या. मला वाटलं, मदतीला. थोरवे अण्णांच्या पत्नी, मालूताई, हातात पाण्याची बादली घेऊन आल्या आणि त्यांनी ती चौथऱ्यावर ओतली. मग दुसरी बादली. मग एकीनं गोमूत्र आणलं.

"ताई, ओढणी द्या, फडकं द्या काहीतरी," मी ओरडले.

"देते हो, देते," मालूताई म्हणाल्या. "आधी हे धुवायला नको का? शनिवार आहे उद्या. रक्त सांडलं, आणि तेही..."

पुढचं त्या बोलल्या नाहीत. सुनंदा माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती आणि एका डोळ्यानं सगळं बघत होती.

कपाळाला पाच टाके पडले. दवाखान्यातून बाहेर येताना ती म्हणाली, "बाई, मी काढला त्येला. हाताची सालटं गेली हुती माझ्या."

"माहिती आहे गं."

"मग सांगा की त्यास्नी."

"सांगू. वेळ आली की सांगू."

दुसऱ्या दिवशी चौथऱ्यावर पाटी लागली, 'खेळणाऱ्या मुलींनी देवस्थानापासून लांब राहावे'. आठवड्यानं कॉलनीनं ठराव केला की मैदानाची जागा देवस्थानाला सभामंडपासाठी मिळावी. मी नगरपालिकेत तक्रार केली. यावेळी साहेब मीटिंगमध्ये नव्हते. नवे मुख्याधिकारी आले होते, अगदी कोवळे, मिशीही धड नव्हती. त्यांनी दोन्ही बाजूंना सुनावणीला बोलावलं.

सभागृहात कॉलनीची चाळीस-पन्नास माणसं होती. माझ्या बाजूनं मी, नऊ पोरी आणि धोंडीराम. पोरी दाराशी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

मुख्याधिकाऱ्यांनी नकाशा पसरला. "हे बघा, माझ्यापुढं प्रश्न एकच आहे. देवस्थान जुनं असेल, ले-आउट व्हायच्या आधीचं, तर मी त्याला हात लावू शकत नाही. नंतरचं असेल तर चौथरा रीतसर उचलून रस्त्याच्या कडेला नेऊ आणि मैदान मोकळं करू. बोला."

अण्णा उभे राहिले. "साहेब, देव आमच्या आधीचा आहे. इथं शेतं होती तेव्हाचा. बांधावरचा मारुती."

"काही पुरावा?"

"देवाला पुरावा कसला मागता, साहेब?" मागून कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

"बाई, तुमचं म्हणणं?"

मी उठले. दाराकडं बघितलं. सुनंदाच्या कपाळावर पांढरी पट्टी होती. तिनं मान हलवली, सांगा म्हणून.

"साहेब, तो दगड तिथं मी उभा केला," मी म्हणाले. "दोन वर्षांपूर्वी. शेंदूर मी लावला. लोकांनी तिथं कचरा टाकू नये म्हणून. तो देव नाही."

आता लोक अंगावर येणार या तयारीनं मी टेबलाची कड घट्ट धरली. मुख्याधिकाऱ्यांनी पेन उचललं. माझं काम झालं होतं. त्यांनी तेवढ्यावर निकाल लिहिला असता तर मैदान आमचं होतं.

अण्णा सावकाश माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"बाई, खरं सांगताय?"

"अगदी खरं, अण्णा."

"मग मला सांगा, एवढ्या मोठ्या मैदानात त्याच जागी का उभा केलात?"

"कचरा तिथंच पडायचा."

"आणि तोच दगड का घेतलात? गावात दगडांना काय तोटा होता?"

"जवळच पडला होता."

"जवळ कुठून आला?"

मी थांबले. किती वेळ थांबले ते मला सांगता येणार नाही, पण फार नसेल. "जमिनीतून निघाला," मी म्हणाले. "मैदान साफ करताना."

"जमिनीतून!" मालूताईंनी हात जोडले. लोकांत कुजबूज पसरत गेली, जमिनीतून निघाला, जमिनीतून वर आला. अण्णांचे डोळे भरून आले होते.

"बाई, तुम्ही देव मानत नाही, ते मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "म्हणूनच त्यानं तुम्हाला धरलं. आमच्यासारख्यानं बसवला असता तर लोक म्हणाले असते, ढोंग आहे. तुमच्या मनात कचरा होता. त्याच्या मनात काय होतं ते तुम्हाला कसं कळणार? माझा नातू जगला, बाई."

आणि सत्तरीचा तो माणूस सगळ्यांदेखत वाकला आणि त्यानं माझ्या पायांना हात लावला. मागून 'बजरंगबली की जय' झालं. टाळ्या वाजल्या. कालपर्यंत माझ्याशी न बोलणाऱ्या बायका पुढं येऊन माझ्या पाया पडायला लागल्या. मी "अहो, नको, असं नका करू" म्हणत होते. मागं मात्र सरले नाही.

मुख्याधिकाऱ्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं समाधान होतं. "मग वाद राहिलाच कुठं? देवस्थानच्या संस्थापिका बाईच निघाल्या," ते हसून म्हणाले. त्यांनी माझा जुना अर्जही फाइलमधून शोधून काढला. त्यातलं सगळं मंजूर झालं. कुंपण, नळ, दोन झोपाळे, चार बाकं, कुंडी. मैदानात फरशीचे ठोकळे बसवून देवस्थान परिसरासह बगीचा करायचा आणि सरावाला पोरींना शाळेचं पटांगण आहेच. कॉलनीनं टाळ्या वाजवून ठरावाला मान्यता दिली. लोक मला म्हणाले, बाई, तुमच्या चिकाटीमुळं झालं हो.

मी दाराकडं बघितलं तेव्हा पोरी निघून गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी खांब उपटले. सराव आम्ही पटांगणात सुरू केला. आठ जणी आल्या. सुनंदा आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आठवडाभर नाही. जिल्ह्याची निवड झाली त्या दिवशी मी निवडीच्या मैदानाच्या फाटकाशी तिची वाट बघत शेवटपर्यंत उभी राहिले, आणि यादी वाचून दाखवल्यावर घरी आले.

रविवारी मी नाला ओलांडून वस्तीत गेले. धोंडीराम दारात बसून क्लॅरिनेट पुसत होते. मला बघून उठले, आत आवाज दिला.

"बाई, मी माझा सबूद मोडला न्हाई," ते म्हणाले. "मी तिला म्हणलं, जा. तीच म्हणती, न्हाई जायचं. वैशाखातली तारीख धरलीया."

"दहावी तरी होऊ द्या, धोंडीराम."

"हुईल की. परीक्षा झाल्यावरच हाय लगीन."

सुनंदा चहा घेऊन बाहेर आली. कपाळावरची पट्टी काढली होती, टाक्यांची तांबडी रेघ दिसत होती. तिनं माझ्यासाठी पाट मांडला, कपबशी हातात दिली आणि समोर उकिडवी बसली. रागावली असती, रडली असती तर मला काय बोलायचं ते ठाऊक होतं. मी तयारी करून गेले होते. पटांगणात माती टाकून घेऊ, पुढच्या वर्षी खुल्या गटातून खेळ, मी तुझ्या आत्याशी बोलते. त्यातलं निम्मं मी बोलून टाकलं. ती ऐकत होती.

"बाई, एक इचारू?"

"विचार की."

"अण्णांनी तुमास्नी इचारलं, दगुड कुठनं आला. तवा तुमी म्हणला असता, ह्या सुनंदा वायदंडेनं काढलाय, पहार घिऊन, त्याच्यावर बसून, वस्तीतल्या पोरींनी ढकलत आणलाय." ती हे अगदी साध्या सुरात सांगत होती, एखादी खेळी कुठं चुकली ते समजावून सांगावं तसं. "तर त्यांनीच चौथरा उकरून टाकला असता. साहेबाला काय करावंच लागलं नसतं."

धोंडीरामांचा पुसणारा हात थांबला. त्यांनी लेकीकडं बघितलं आणि मग माझ्याकडं न बघता पुन्हा पुसायला लागले.

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. मी निवृत्त झाले. पुढं ज्या कुणाला ही हकिकत सांगितली त्याला मी म्हणत आले की पोरीची जात चारचौघांत काठीसारखी वापरायची, हे मला पटलं नाही. लोकांना ते पटतं. काही जण तर मला मोठ्या मनाची समजतात. कपाळाला टाके पडलेली पोर दाराशी उभी राहून स्वतःच मान हलवत होती, हे मी त्यांना सांगत नाही. तिला ती काठी चालणार होती. तिनंच ती माझ्या हातात दिली होती.

अण्णांनी विचारलं तेव्हा तिचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. ते घेतलं तर काय होईल, ते मला त्या क्षणी लख्ख दिसलं होतं. पण त्याच क्षणी अख्खी कॉलनी माझ्याकडं बघत होती. दोन वर्षं माझ्या तोंडावर दार लावणारी, माझ्या अर्जावर सही करून पाठ फिरवणारी माणसं श्वास रोखून बसली होती, आणि तसं माझ्याकडं आयुष्यात कधी कुणी बघितलं नव्हतं. मला अजून थोडा वेळ ते हवं होतं.

"तवा तुमास्नी सुचलं नसंल," सुनंदा म्हणाली. मला अवघडलेलं बघून तिला माझी कीव आली असावी. "गडबडीत कुठलं सुचतंय, न्हाई का बाई?"

"नाही गं," मी म्हणाले. "नाही सुचलं."

तिनं मान हलवली. मग मी तो चहा प्यायले, कप तिच्या हातात दिला आणि नाला ओलांडून घरी आले.